काकीच्या भिंतीला माजी माती

शाळंत मी दोनच दिस गेलो. दुसऱ्या दिशी गेलो ते बी पहिल्या दिशी इसरलेली चप्पल आनायला. म्हंजी माज्या डोक्याचा अंदाज तुमाला आलाच असंल.

म्हापुरात कृष्णाकाठची आमची चौदा घरं बसली. समदी पत्र्याच्या शेडात आली. मग शहरातनं एक इंजिनेर बाई आल्या. म्हनल्या, गावानंच मिळून बांधा. माळाची माती, त्यात थोडं सिमिट, हातमशिननं दाबून विटा पाडायच्या. भट्टी न्हाई, धूर न्हाई. राबायचं इर्जिकीनं, म्हंजी ज्याचं घर त्याच्याकडं समद्यांनी खपायचं आनि त्यानं जेवाय घालायचं. शेतात आमी करतूच की तसं.

नंबरावरनं भांडनं लागली. मी उठून म्हनलं, "ज्याचं घर आदी बसलं त्याचा नंबर आदी. आनि एकदा नंबर झाला की झाला. परत पायजे तर रांगंच्या शेवटाला, रेशनवानी!" लोक हसली आनि त्योच नियम झाला. पहिला नंबर माज्या चुलतीचा. काकीच्या मागं ना नवरा ऱ्हायला, ना पोर. दुसरा नंबर माजा.

माळ लांब, ट्रॅक्टर रोज गावना, पाऊस तोंडावर आल्याला. माजं रान नदीकडंला. उसाला पानी पाजून पाजून मीठ फुटल्यालं, पांढरंधोप. मी म्हनलं, "माज्या रानातली न्या, फुकाट. ऊस न्हाई उगवत, घर तरी उगवंल." लय हसली.

खरं सांगतू, माज्या मनात काकी नव्हतीच. वरची खारी माती लोकांच्या हातनं निगाली तर खालचं रान सुदरंल, ह्यो माजा इचार. वरची पांढरी खपली फावड्यानं काडली आनि म्हनलं, खाली झ्याक हाय. बाई त्या आठवड्यात गावात नव्हत्या.

विटांवर उसाचं पाचट झाकून काकी कळशीनं पानी मारायची. मी म्हनायचो, "पोरांवानी जपतीस की गं."

"तुला जपला तर तू असला निगालास. ह्या तरी सरळ निगू दे."

मग ती समद्यांना पिठलं-भाकरी वाढायची. मी चार भाकरी हानायचो.

भिंती खिडकीपातूर आल्या आनि खालनं पांढरं फुटाय लागलं. बोट लावलं की पीठ. बाई आल्या. वीट नखानं खरवडली, जिभंला लावली आनि थुकल्या. "ही माळाची माती नाही. कुणाच्या रानातली आणली?"

समदी विटांकडं बघाय लागली. जल्मात कवा गप न बसल्याला मी, पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत हुतो.

काकीच म्हनली, "मीच म्हनलं बाई, जवळची आना. मला घाई हुती."

भिंती पाडाय बी इर्जिकच लागली. काकीनं त्या दिशी बी पिठलं केलं. मी त्या दिशी बी चार भाकरी खाल्ल्या.

नियमानं ती रांगंच्या शेवटाला गेली आनि नंबर आला माजा. 'माजा नंबर काकीला द्या' म्हनलो असतो तर कुनी आडवं आलं नसतं. बायको माज्याकडं टक लावून बघत हुती. मी बाईंस्नी इचारलं, "मग माळाची माती कवा आनायची?"

माजं घर झ्याक झालं. माज्या विटांवर बी काकीनंच पानी मारलं. पुढच्या उन्हाळ्यात दुपारची यायची, भिंतीला पाठ लावून बसायची.

"गार हाय रं."

"मग ऱ्हा की हितंच."

"ऱ्हाते की. माज्या घरात. नंबर येऊ दे."

सातव्या घराचं जोतं भरत हुतो तवा बातमी आली. काकी शेडातच गेली हुती, तापल्याल्या पत्र्याखाली, भर दुपारी.

तिला पोचवून आल्यावर मी समद्यांम्होरं बोललो. म्हनलं, माती माजी हुती, आनि मी ती काकीसाठी दिली नव्हती, माजं रान सुदरावं म्हनून दिली हुती. वाटलं, आता शिव्या तरी देतील.

एक म्हातारा पायातली चप्पल झटकत म्हनला, "ठावं हाय रं. आमीच खांदली न्हवं का. समद्यांस्नी ठावं हुतं."

मग चप्पल पायात सरकवली.

"तिला बी."