दाजींच्या रेडिओतली रिकामी जागा

दाजी मेस्त्री बंद रेडिओलासुद्धा एकदम हात लावत नसत. मागचं झाकण काढलं की स्क्रूड्रायव्हर आतल्या कंडेन्सरच्या दोन टोकांवर टेकवत. बारीकशी ठिणगी उडे. मग म्हणत, "बंद केलो म्हणान रिकामो झालो नाय हां बाई. ह्यो कंडेन्सर करंट धरून रवता."

साठ सालच्या सुमाराला मी मालवणात शिक्षिका म्हणून आले. माझी खोली त्यांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानाला लागून होती. शाळेत विज्ञान शिकवायचे, पण कंडेन्सर पाहिला होता तो फक्त पुस्तकात! दाजींनी डब्यातून एकेक काढून माझ्या तळहातावर ठेवला. अभ्रकाचा चपटा, अंगावर रंगीत ठिपके. तपकिरी म्हणजे एक, तांबडा दोन, नारिंगी तीन. स्टेशन नेमकं धरायला तो लागतो. डबीसारखा मोठा, त्यावर अधिक-उणे; तो घरघर गिळतो, पण उलटा जोडला तर कामातून गेला. आणि मेणात बुडवलेला कागदी, किती व्होल्ट सोसेल ते वर छापलेलं. "ह्यो आवाजाक वाट देता नि बॅटरीक आडवता. दारात बसलेलो शाणो म्हातारोच."

आमच्या मागे आवडू राहायची, मासे विकायची. मुंबईच्या गिरणीतल्या मुलाने तिला बॅटरीवरचा रेडिओ पाठवला होता. एकदा त्याचं पत्र आलं, ते मीच वाचलं. गुरुवारी संध्याकाळी त्याचं भजन रेडिओवर लागणार होतं. आवडूने काय करावं? पावसाळ्यात धरलेली ओल जावी म्हणून रेडिओ उघडून दिवसभर उन्हात ठेवला, सुकत घातलेल्या बांगड्यांशेजारी. कागदी कंडेन्सरचं मेण वितळून ओघळलं आणि रेडिओ मुका झाला.

"गो, रेडिओ काय सुको बांगडो आसा?" दाजी खेकसले.

"दोन वर्सां झिलाचो आवाज ऐकूक नाय, दाजी," म्हणून ती रडायलाच लागली.

गुरुवारची दुपार होती. दाजींनी सगळा डबा उपसला, पण तसा कागदी एकही निघेना. मी शहाणपणा केला, "तो मोठा लावा की."

"म्हाताऱ्याच्या जागेर बैल बांधून कसा चलात, बाई?" म्हणत ते आतल्या खोलीत गेले. बऱ्याच वेळाने कंडेन्सर घेऊन आले आणि कथलाचा डाग देऊन तो जोडला.

संध्याकाळी भजन लागलं. आवडूने रेडिओवर तळहात ठेवला. "ह्यो माझो," एवढंच म्हणाली. माझेही डोळे भरून आले.

त्यानंतर दाजी रोज संध्याकाळी आवडूच्या पडवीत रेडिओ ऐकायला बसू लागले. "तुमच्या रेडिओला काय झालं?" मी विचारी. "त्येका दमो झालो हा," ते हसत.

पाच वर्षांनी दाजी गेले. मागे कोणी नव्हतं, म्हणून मी आणि आवडूने त्यांची खोली आवरली. कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा रेडिओ होता. सवयीने मी आधी स्क्रूड्रायव्हर टेकवला. ठिणगी उडाली नाही. आत सगळं जागच्या जागी होतं, फक्त दोन तारांमधला कागदी कंडेन्सर नव्हता. नवा आला की तो कुणा ना कुणा गिऱ्हाइकाच्या रेडिओत जायचा.

"त्या गुरुवारी तुझ्या रेडिओत घातला ना, तो इथला," मी सांगितलं.

आवडू त्या दोन तारांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "माका वाटला, दाजी रोज माझ्या झिलाक ऐकूक येतत."