साक्षीतून गाळलेली सुमनबाई

वाशीमच्या दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा हातात तपासणीच्या कागदांची पिशवी होती आणि घशात आवाज नव्हता. कित्येक दिवस घसा बसलेला, घोटभर पाणीही टोचत उतरायचं. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, गाठ कॅन्सरची आहे, नागपूरला जाऊन रेडिएशनचे शेक घ्यावे लागतील, उशीर करू नका. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देणं हा माझा जन्माचा धंदा, आणि ते करताना गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यामुळे आजाराचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते माझ्या मनाचं. मरणाची भीती वाटायच्या आधी मला चर्चच्या मंडळीची लाज वाटली. आता मी दवाखान्यात जाऊ कसा? मी तर दवाखान्याशिवाय बरा झालेला माणूस होतो.

हे नीट समजायला आमच्या चर्चची एक रीत सांगावी लागेल. आमचं चर्च म्हणजे शिरपूरच्या पुढच्या आमच्या गावातलं पत्र्याचं एक सभागृह. आमची घरं आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. सोयाबीन घरात आलं की आम्ही हंगामाचा सण करतो. जो तो आपल्या शेतातलं पहिलं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतो. कोणाचं टोपलंभर सोयाबीन, कोणाचा भोपळा, कोणाची पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की त्याच वस्तूंचा लिलाव होतो आणि मोठी मजा येते. पण लिलावाआधी साक्षी होतात. देवानं आपल्यासाठी काय केलं ते माणसानं उभं राहून सांगायचं. माझी साक्ष दर सणाला ठरलेली असे. आसपासच्या गावांतून लोक ती ऐकायला येत. तरुणपणी मला क्षय झाला होता, तोंडातून रक्त पडत होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते, एकही गोळी न घेता मी केवळ प्रार्थनेनं उठून बसलो, अशी ती साक्ष.

त्यातलं रक्त खरं होतं आणि प्रार्थनाही खरी होती. मंडळीतली माणसं माझ्या खाटेभोवती गुडघे टेकून बसली, त्या दुपारी माझ्या छातीत जी शांती उतरली ती मी आजही विसरलो नाही. पण मी गोळ्या घेतल्या होत्या. सगळ्या घेतल्या होत्या. आमच्या गल्लीत सुमनबाई राहतात. बौद्ध घरातल्या, तेव्हा गावात आरोग्याचं काम करायच्या. क्षयाच्या गोळ्या रोग्यानं कोणाच्यातरी नजरेसमोर गिळायच्या असा नियम होता. त्या नियमापायी ही बाई रोज सकाळी शेतात तण निंदायला जायच्या आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायची. मला मळमळायचं, मी तोंड फिरवायचो. ती उठायची नाही. "गिळ बापू. मले निंदाले जाचं हाय," एवढंच म्हणायची आणि मी गिळेपर्यंत माझ्याकडे बघत राहायची.

पहिल्या वर्षी मी साक्षीत तिचं नाव घेतलं होतं. पुढच्या वर्षी वेळ कमी होता म्हणून 'एक शेजारीण' एवढंच म्हटलं. मग गोळ्यांपाशी लोकांची मान हलत नाही आणि प्रार्थनेपाशी डोळे भरून येतात, हे माझ्या लक्षात आलं. मी खोटं बोलायचं असं कधी ठरवलं नाही. सांगता सांगता एकेक गोष्ट गळत गेली आणि शेवटी सुमनबाईच गळाली. मग ते ऐकून ऐकून मलाही खरं वाटू लागलं.

त्या दिवशी वाशीमच्या स्टँडवर बसून मी प्रभूला म्हणालो, शेक घ्यावेत की पूर्वीसारखं तुझ्यावर सोडावं, काहीतरी खूण दे. 'पूर्वीसारखं' हा शब्द मनात आला आणि मनाला टोचला. तेवढ्यात गावाकडची एसटी लागली.

गाडीत शिरपूरला देवदर्शनाला निघालेल्या यात्रेकरूंची गर्दी होती. मी दांडा धरून उभा राहिलो. इतक्यात खिडकीशी बसलेली एक बाई तटकन उठली. "बसा बाबा, बसा. तुमी ते साक्षवाले बाबा ना?" मी तिला ओळखत नव्हतो. मला बळंच बसवून ती शेजारी उभी राहिली. नाव कमल. नवरा वारलेला, एक मुलगी, मजुरी करते, दोन गावं पलीकडच्या घरगुती प्रार्थनेला जाते. मागच्या सणाला तिनं माझी साक्ष ऐकली होती. हे सांगताना ती पदरात खोकत होती.

"मलेबी तुमचाच आजार हाय बाबा. सरकारी गोळ्या चालू होत्या. तुमचं ऐकलं अन् डब्यात ठेवून देल्ल्या. खोकला कमी झालता. आता परत येऊन राह्यला." मग खाली वाकून हळूच विचारलं, "माहाच इश्वास कमी पडून राह्यला असन, नाई?"

मी बोलायला तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. पण खरं सांगायचं तर आवाज असता तरी मी तेव्हा बोललो असतो की नाही, ठाऊक नाही. आजूबाजूला ओळखीची माणसं होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला तो आशीर्वाद वाटला. तिचं गाव आलं, ती समाधानानं उतरून गेली आणि मी तिच्या जागेवर बसून राहिलो. मी खूण मागितली होती. ती माझ्यासमोर उभी राहून खोकून गेली होती.

घरी आल्यावर बायकोला, मंगलाला, अर्धं कुजबुजत अर्धं खुणांनी सगळं सांगितलं. गाठीचं ऐकून ती रडली. कमलचं ऐकून तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"अन् तुमी तिच्या डोक्यावर हात ठेवून आले? काहून?"

मी कागदांची पिशवी खुंटीला अडकवायला उठलो, ती मागं आली.

"मी एवढे दिवस पुढच्या बाकावर बसून ऐकत आली. वाटे, जाऊ द्या, देवाचंच नाव घेऊन राह्यले. माहीबी चुकीच हाय. पण सुमनबाईनं तुमच्या तोंडात गोळ्या कोंबल्या, अन् तुमी तिले साक्षीतून हाकलून देल्लं. आता त्या पोरीचं काही झालं तं वर जाऊन कोणती साक्ष द्यान?"

या प्रश्नानं मला गुडघ्यावर आणलं. त्या रविवारीच हंगामाचा सण होता. मंगलानं कमलला निरोप धाडला, मुलीला घेऊन सणाला ये. मी चर्चच्या पाळकांना भेटलो. ते वयानं लहान, स्वभावानं मऊ. म्हणाले, "बाबा, यंदा आवाज नाही तर राहू द्या." मी नकाराची मान हलवली. यंदा तर राहू देता येणारच नव्हतं.

साक्षीची वेळ आली. मी उभा राहिलो आणि माझी कुजबुज पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचली नाही. मागून म्हातारे जगनकाका ओरडले, "अरे, आमाले मेल्यावर ऐकू येईन का?" लोक हसले. माझं बोलणं मोठ्यानं सांगायला मंगला उठू लागली. पण कमल अगदी समोर, सतरंजीवर बसली होती. का कोण जाणे, माझा हात तिच्याकडे गेला. ती बावरली, पदर सावरला, येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. मी तिच्या कानाशी एकेक वाक्य बोलायचं आणि तिनं ते मोठ्यानं म्हणायचं, असं सुरू झालं.

"मले क्षय झाला होता," ती म्हणाली. "मंडळीनं प्रार्थना केली. मले लय शांती भेटली." लोकांनी माना डोलावल्या. मग मी पुढचं वाक्य बोललो. कमलनं ते न म्हणता माझ्याकडे पाहिलं. मी तेच वाक्य पुन्हा बोललो. पत्र्याखाली पाय बांधलेल्या कोंबड्यांचा तेवढा आवाज होता.

"अन् मी गोळ्या खाल्ल्या," ती म्हणाली. "सगळ्या खाल्ल्या. सुमनबाई रोज ओट्यावर बसून मले गोळ्या चारत होती. देवानं तिले पाठवलं होतं. मी तिचं नाव लपवलं. मी तुमच्याशी खोटं बोललो."

शेवटी ती 'बोलली' न म्हणता 'बोललो'च म्हणाली. माझे शब्द तिनं माझेच ठेवले. मग मी न सांगता तिनं स्वतःचं एक वाक्य जोडलं. "मी उद्या दवाखान्यात जातो, गोळ्या चालू करतो." आमच्याकडे बायाही 'जातो', 'करतो' असंच बोलतात, त्यामुळे ते वाक्य तिचं की माझं, हे पुष्कळांना कळलंच नाही. खरं तर ते दोघांचंही होतं.

काही माणसं माझ्यावर रागावली. एकानं अजूनही बोलणं धरलेलं नाही. ते माझ्या वाट्याचंच आहे. पाळकांनी मात्र लिलावाआधी पुन्हा प्रार्थना केली, डॉक्टरांसाठी आणि औषधांसाठी.

संध्याकाळी मी, मंगला आणि कमल सुमनबाईंकडे गेलो. त्या आता थकल्या आहेत, डोळ्यांनी कमी दिसतं. मंगलानं सगळं सांगितलं. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "तुह्या देवानं मले पाठवलं असन बापू, पण मले तं काही सांगितलं नाई त्यानं. मी आपली ड्युटी म्हून येत होती." आणि खळखळून हसल्या. मग कमलकडे वळून एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "तू कायले सोडल्या व गोळ्या?"

दवाखान्यानं कमलची पुन्हा तपासणी करून औषध नव्यानं सुरू केलं. मी नागपूरला जाऊन शेक घेऊन आलो. मान काळी पडली आहे, चव गेली आहे, आवाज परत येईल असं कोणी म्हणत नाही. कमल आता आमच्याच गावात मजुरीला येते. सकाळी तोंडाला फडकं बांधून अंगणात, कडुलिंबाखाली, माझ्यापासून लांब बसते. मी ओट्यावर, सुमनबाई बसायच्या त्याच जागी. तिनं माझ्या नजरेसमोर गोळ्या गिळायच्या आणि मी तिच्या नजरेसमोर माझ्या दुखण्यावरच्या.

मी बरा होईन की नाही, हे मी प्रभूला विचारणं सोडलं आहे. पूर्वी मला वाटायचं, त्याच्यावर सोपवणं म्हणजे बाकी सगळे हात नाकारणं. आता वाटतं, तो ज्या हातानं देईल त्या हातातून घेणं, आणि तो हात कोणाचा होता हे न लपवणं, एवढंच आपल्याकडे असतं. त्यानं माझा आवाज काढून घेतला नसता तर मी ती जुनीच साक्ष आणखी गोड करून सांगितली असती. या आजारात मला काम मिळालं आहे. एका बाईच्या गोळ्यांवर लक्ष ठेवायचं. त्यासाठी मी त्याचे उपकार मानतो.

आज सकाळी गिळताना फार दुखत होतं. मी पेला खाली ठेवून तोंड फिरवलं. कमल अंगणातून उठली नाही.

"गिळा बाबा," ती म्हणाली. "मले निंदाले जाचं हाय."