वानखडे सरांचे सतरा एक

स्टाफरूममधले किस्से जुन्या उत्तरपत्रिकांसारखे असतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण कपाट उघडलं की अंगावर येतात. पिंपळगाव राजाकडच्या आमच्या शाळेत तर निम्मं कपाट एकट्या वानखडे सरांचं! सर गणिताचे, मी मराठीचा.

मी नवी मोटारसायकल घेतली आणि पेढे वाटले. सरांनी पेढा तोंडात टाकत नंबरप्लेट पाहिली. "४६१३. सातानं भाग जाते."

"सर, ॲव्हरेज तरी इचारा."

"सांग. मूळ संख्या असंल तर पाह्यतो."

*

सरांचं खरं वेड वेगळंच. ओळीनं सतरा वेळा एक लिहायचा. एवढी मोठी संख्या मूळ आहे, की तिला कशानं तरी भाग जातो? निवृत्त व्हायच्या आत हातानं शोधायचं, हा त्यांचा पण. चौतीसनं भागल्यावर एक उरतो, अशाच मूळ संख्यांनी भागून पाहायचं असतं. का, ते त्यांनी मला चारदा समजावलं. मी चारदा मान हलवली.

तीस वर्षं मधल्या सुट्टीत डबा खाऊन कधी एक भागाकार, कधी दोन.

*

एकदा काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा फोन आला. मी सांगितलं, सर भागाकार करून राह्यले.

"दळण टाकलं का तेवढं इचारा. बाकी किती उरली, ते मले सांगू नका."

*

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या गजाननानं ती संख्या एकदा मशीनला विचारली. मिनिटात उत्तर आलं: २०,७१,७२३ नं भाग जातो. त्यानं ते सर नसताना फक्त स्टाफरूमला सांगितलं. सर तेव्हा सतरा लाखांच्या आसपास होते. सरांची मधली सुट्टी वाया जाऊ नये म्हणून सहा वर्षं त्यांची इलेक्शन ड्यूटी आम्हीच वाटून घेतली. सरांना वाटायचं, आपलं नशीब चांगलं आहे.

*

निवृत्तीच्या दिवशी सर बरोबर त्याच आकड्यावर आले. स्टाफरूममध्ये कुणी डबा उघडला नाही. सरांनी भागाकार केला. बाकी उरली चार. त्यांनी वही मिटायला घेतली.

"सर," गजानन म्हणाला, "तिसऱ्या वजाबाकीतला हातचा पाहा बरं."

सरांनी पाहिला. खोडून पुन्हा केलं. बाकी शून्य. मग चष्मा काढून ते गजाननाकडे बघत राहिले.

"तुले कधीपासून माहीत हाय?"

"सहा वर्सं झाले, सर."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुमी शोधून राह्यले होते ना."

सरांनी कोरं पान काढलं आणि ओळीनं एकोणीस एक लिहिले. "याचं मशीनले इचारजो नको," म्हणाले आणि हार घालून घ्यायला हॉलकडे गेले.

गजाननाचा हात तोवर मोबाईलवर गेलाच होता.

"कितीनं भाग जाते बे?" मी विचारलं.

त्यानं मोबाईल खिशात टाकला.

"कशानंच नाही. सरायले सांगजो नको."