खाली निकेल होतं

अण्णा गेल्याची बातमी मला कमळाकरने फोनवर दिली. "तुझा अण्णा गेला रं. मी निघालोय, तू पन ये." माझ्या चुलतभावासाठी स्मशानात माझ्याआधी तो पोहोचला होता. मला रडू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं... हे लिहू नये म्हणतात, पण तसंच वाटलं.

उरणजवळच्या एका कारखान्यात आम्ही तिघे होतो. तिथे पितळी नळांवर आधी निकेलचा आणि वर क्रोमचा थर चढे. अण्णा मुख्य कारागीर, मी तयार माल तपासणारा, कमळाकर कोरे नळ आकड्यांना टांगणारा. दोष ओळखण्यात अण्णांच्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही. मला शिकवलं त्यांनीच, तेही टोमणे मारत. "पुस्तकं वाचतोस ना? मग हे वाच," म्हणत ते सोललेला नळ माझ्यापुढे आपटत. सोललेल्या जागी उघडं पितळ दिसलं, तर धुण्यात चूक झाली, तेल राहिलं. पण खाली निकेलचा थर शाबूत असेल, तर तेलाचा काही संबंध नाही. टाकीत असताना मधेच वीज तुटली.

एकदा अख्खी खेप परत आली. मालक समोर उभे. टाकीच्या वायरीचा सांधा ढिला होता; "मीच आवळतो तो," असं अण्णा आठवडाभर नुसतं म्हणत होते. त्यांनी नळ उचलला, नखाने पापुद्रा काढला. खाली निकेल चमकत होतं. त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. मग त्या जागेवर अंगठा ठेवून ते म्हणाले, "हाताचं तेल. हा कमळ्या तळलेले बोंबील खातो आन् तसाच मालाला हात लावतो." सगळे हसले. कमळाकर म्हणाला, "साबनानं धुतो मी, अण्णा." त्याला त्याच दिवशी काढलं. पुढे कुठल्याच प्लेटिंगवाल्याने त्याला उभं केलं नाही. तो बंदरावर ट्रेलर चालवू लागला. गाव त्याला आजही 'बोंबील' म्हणतं. अण्णा शेवटपर्यंत हा किस्सा रंगवून सांगत.

बाराव्याला वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पेपरात लिहा काहीतरी. यांची नजर कधी चुकली नाही, हे लिहा." खरंच आहे, नजर चुकली नव्हती. म्हणून हे लिहितो आहे : तेल नव्हतं, कमळाकरचे हात स्वच्छ होते, आणि अण्णांना ते माहीत होतं.

लिहिण्याआधी कमळाकरला भेटलो. त्याने सगळं ऐकलं आणि ट्रेलरची काच पुसत राहिला.

"म्हंजे तुला तवापासून ठावं होतं?"

"हो."

"अण्णाचं सोड. तो मालकाला भ्यायला. तू कुनाला भ्यायलास?"

अण्णांना, असं म्हणणार होतो... पण ते आता उलटून बोलू शकत नव्हते. त्याने फडकं पिळलं. "लिव," तो म्हणाला, "पन तुझं नाव बी लिव त्यात."