हात न लावता

हातगुणे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. डायलिसिस केंद्रात सगळे त्यांना हातगुणे म्हणत, कारण केंद्राचा प्रोग्राम त्यांच्याच हातानं सुरू होई, दुसऱ्या कुणाच्या नाही.

मूळचे ते नोंदणीच्या खिडकीवरचे कारकून. सात वर्षांपूर्वी पुस्तकं वाचून, चुकत माकत त्यांनी हा प्रोग्राम लिहिला. आज कोणता रुग्ण, कोणत्या मशीनवर, अंगातून किती पाणी काढायचं, हे सगळं सिस्टरांना ब्राउझरमधल्या एका पानावर दिसे. तो चाले चादरींच्या खोलीतल्या सर्व्हरवर. वीज गेली की दहा मिनिटांत बॅटरी मान टाकी. वीज आली की सर्व्हर आपला आपण जागा होई, पण प्रोग्राम मात्र ढिम्म. मग हातगुणे सायकलवरून धापा टाकत येणार, कळफलकावर बोटं नाचवणार, आणि पान उघडणार. बायको म्हणे, "माझी सवत चादरींच्या खोलीत राहते." मेव्हणीच्या लग्नातसुद्धा ते अक्षता टाकून, न जेवता परतले होते.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण एक सकाळ तशी नव्हती. त्या दिवशी वीज गेली आणि वाटेत सायकलही पंक्चर झाली. हातगुणे पळत पोचले तेव्हा एक रुग्ण, निवृत्त पोस्टमन, खुर्चीत पुढं वाकून बसलेला, ओठ निळसर, श्वास भात्यासारखा. छातीत पाणी झालेलं, आणि किती काढायचं ते पानावर, पान बंद. पाऊण तास उशीर झाला होता. पोस्टमन वाचला. नंतर हसून म्हणालासुद्धा, "मी पण उशिरा पत्रं टाकलीत की!" पण तेव्हापासून दिवा नुसता लुकलुकला तरी हातगुणे सायकलकडे धावत.

आणि आता बुधवार येत होता. बुधवारी सकाळी सहा ते सात वीज बंद, केबल बदलणार. साडेसातला पहिले रुग्ण. पोस्टमनही त्यांतलाच. आणि त्याच सकाळी, दहा तासांच्या अंतरावरच्या शहरात, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं सिझेरियन ठरलेलं. बायकोनं सोमवारची तिकिटं न विचारता काढली होती.

इलाज होता, आणि तो हातगुण्यांना सात वर्षं माहीत होता. एका छोट्या फाइलीत दहाबारा ओळी लिहून सर्व्हरला बजावून ठेवायचं, बाबा रे, तू उठलास की प्रोग्रामलाही उठव, आणि मधेच पडला तर पुन्हा उभा कर. याला सर्व्हिस करणं म्हणतात. पण चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार? चालतंय तोवर हात लावू नये, या एका तत्त्वावर हातगुण्यांनी आयुष्य काढलं होतं.

रविवारी केंद्र बंद असतं. सकाळी अकराला हातगुणे आणि मोठ्या सिस्टर चादरींच्या खोलीत उभे होते. फाइल लिहून झाली होती. आता सर्व्हर मुद्दाम बंद करून बघायचं होतं.

"ओढा प्लग," सिस्टर म्हणाल्या.

"ओढतो." हातगुण्यांनी प्लग धरला. मग सोडला. "सिस्टर, हा परत उठलाच नाही तर?"

"मग आज कळेल. बुधवारी कळण्यापेक्षा बरं. सरका!" त्यांनी स्वतः प्लग उपटला. पंखा घरघरत थांबला. अशी शांतता हातगुण्यांनी त्या खोलीत पूर्वी ऐकली नव्हती. त्यांच्या कानाच्या पाळ्या गार पडल्या.

सिस्टरांनी प्लग पुन्हा लावला. "बसा. हात मांडीखाली. बुधवारी तुमचे हात इथं असणार आहेत का?"

हातगुणे चादरींच्या गठ्ठ्यावर, शिक्षा झालेल्या पोरासारखे, स्वतःच्या हातांवर बसले. पंखा फिरला. दोन मिनिटं गेली. चार. सात. पान उघडेना.

ते उसळून उठले. हातानं सुरू केलं, तर पान हजर! पुन्हा प्लग, पुन्हा हात मांडीखाली, पुन्हा कोरं पान. असं तीनदा झालं. त्यांनी सुरू केलं की मुकाट चालायचं, आपणहून मात्र उठायचं नाही. हातगुण्यांना कोऱ्या पानावर पोस्टमनचे निळे ओठ दिसू लागले.

तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, लेक विचारतेय, बाबा येणार ना? काय सांगू?"

"सांग... बघतोय म्हणून."

"सात वर्षं बघताच आहात!" फोन बंद.

"सिस्टर, मी नाही जात," हातगुणे म्हणाले. "हिला एकटीला पाठवतो. हे माझ्या हाताशिवाय नाही व्हायचं."

"अहो, हातगुण म्हणजे काय जादू आहे? बसा. आता एकदा हातानं करा, पण सावकाश. मी लिहून घेते." सिस्टरांनी वही उघडली. "नवी नर्स आली की मी हेच करते. जुनीला विचारायचं नाही, तिच्याकडे बघायचं. विचारलं की अर्धंच सांगतात, हात मात्र पुरतं करतात."

हातगुण्यांनी केलं.

"आधी काय केलंत?"

"प्रोग्रामची कमांड दिली."

"खोटं. त्याआधी काहीतरी खरडून एन्टर मारलात."

"ते होय? ते काही नाही हो. आपल्या फोल्डरमध्ये गेलो नुसता."

"तुमच्या त्या दहा ओळींत आहे का ते जाणं?"

हातगुण्यांनी फाइल उघडून पाहिली. नव्हतं. सात वर्षं बोटं ते आपसूक करत आली होती, आणि डोक्याला पत्ता नव्हता. सेटिंगची फाइल फोल्डरच्या आतल्या खोलीत, आणि सर्व्हर बिचाऱ्या प्रोग्रामला उंबरठ्यावरच उभा करून "चल, कामाला लाग" म्हणत होता. त्यांनी एक ओळ वाढवली. सिस्टरांनी चौथ्यांदा प्लग उपटला.

या खेपेला हात मांडीखाली बधिर झाले. तिसऱ्या मिनिटाला पान उघडलं: आज रुग्ण नाहीत.

"आता निघा," सिस्टर म्हणाल्या.

हातगुणे निघाले खरे, पण भीती सामानाबरोबर आली. बुधवारी परक्या हॉस्पिटलच्या बाकावर, ऑपरेशनच्या बंद दारासमोर, ते फोनवर पान उघडत होते; बाहेरून ते नुसतं बघता येई, सुरू करता येत नसे. सात वाजून पाच. कोरं. सव्वासात. कोरं. वीज आली नाही, की आली आणि प्रोग्राम झोपला? सिस्टर फोन उचलेनात. साडेसात. आता पोस्टमन खुर्चीत बसला असेल. दारापलीकडे लेक होती, तिथूनही काही ऐकू येईना. कोणत्या दाराकडे बघावं तेच त्यांना कळेना. बायकोनं फोन काढून पर्समध्ये टाकला. त्यांनी तो परत काढला.

सात चाळीसला पान उघडलं. वीजच उशिरा आली होती. तिसऱ्या ओळीत पोस्टमन, मशीन चार. आणि त्याच्यापुढे, त्यांच्या डोळ्यांदेखत, सिस्टरांनी वजन भरताच काढायच्या पाण्याचा आकडा उमटला. इतके लिटर. सुरू.

त्यांनी पान तीनदा ताजं करून पाहिलं. आपला हात नसताना ते जितंजागतं होतं.

दार उघडलं. नर्सच्या हातात गुंडाळी होती. "आई, बाळ, दोघी छान. हात धुऊन या, आजोबा."

हातगुणे धुऊन आले. हात पुढे केले, आणि तसेच मागे घेतले.

"अहो," बायको म्हणाली, "ती नात आहे तुमची, सर्व्हर नव्हे. लावा हात!"