भाव आधी पडायचा, चेंडू नंतर

आमच्या ठाकुर्लीच्या घरात एक रीत आहे. कुठलंही पत्रक छापायला देण्याआधी मोठ्याने वाचायचं. ऐकणारं कुणी 'खोटं' म्हणालं, की ते वाक्य कापायचं. वाद घालायचा नाही. बाबांच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूंवर मी अक्षरं गिरवली, त्यामुळे ही रीत माझ्या हाडात आहे.

त्या जानेवारीत मी 'हो-नाही'च्या ॲपांविरुद्ध लिहीत होते. तेव्हा ती सर्रास चालायची. पुढे काय होणार यावर 'हो' किंवा 'नाही' विकत घ्यायचं. खरं ठरलं तर दहा रुपये, नाहीतर काही नाही. मधल्या वेळात भाव हलत राहायचा, हवं तेव्हा विकता यायचं. माझं वाक्य तयार होतं : 'यात फक्त आळशी आणि लोभी माणसं अडकतात.' खेळ प्रत्यक्ष बघणं तेवढं राहिलं होतं, म्हणून सकाळीच कोलशेतला मामाकडे गेले. निवृत्त झाल्यापासून मामा टेनिसवर खेळायचा, तेही फक्त पहिल्या सेटवर.

"पूर्ण मॅच म्हणजे संसार," तो म्हणाला. "पहिला सेट म्हणजे साखरपुडा. लिही हे."

"तुझं नाव नाही टाकणार."

"टाक गं. सोसायटीत मान वाढेल."

खिडकीबाहेर खाडीवर धुकं होतं, टीव्हीवर निळंशार कोर्ट. एक डावखुरी मुलगी खेळत होती. तीच पहिला सेट जिंकेल, असे मामाने सहाच्या भावाने पन्नास 'हो' घेतले होते. तिने चेंडू वर फेकला. तो हवेत असतानाच फोनवरचा भाव पडला, आणि मग सर्व्हिस जाळ्यात गेली. पुन्हा तसंच. आधी फळ, मग कर्म. पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं, वरचं जग हळूहळू झिरपत खाली येत होतं.

"त्याला आधी कळतं," मामा भावाकडे बघत भाविकपणे म्हणाला.

ती ४-२ने पुढे गेली. भाव आठवर.

"विकू?"

"थांब ना," मी म्हणाले. "जिंकतेय ती."

तिने जिंकावं असं मला कधीपासून वाटायला लागलं होतं, कुणास ठाऊक. पुढचे चारही गेम गेले. शेवटी फोनवर शून्य दिसत होतं, आणि टीव्हीवर ती अजून शांतपणे चेंडू आपटत होती. तिचं अजून काहीच बिघडलं नव्हतं. तो टप टप आवाज मला अजून ऐकू येतो.

"मामा, टीव्ही काही सेकंद मागे आहे," मी म्हणाले. "ज्याला आपल्या आधी दिसतं, तोच आपल्याला विकतोय."

"असेल. पण थांब तू म्हणालीस." तो हसला आणि चहा ठेवायला उठला.

संध्याकाळी घरी वाचन झालं. आळशी-लोभीच्या वाक्याला आईने मान डोलावली. बाबांची पेन्सिल हलली नाही. मी पुढे वाचू शकले असते.

"खोटं," मी म्हणाले.

बाबांनी वर पाहिलं. "स्वतःच्याच वाक्याला?"

"कापा ते."

त्यांनी रेघ मारली. "मग इथे काय लिहायचं?"

"लिहा, विकायच्या वेळी मी मामाला थांब म्हणाले."