सुभेदारकाका आणि माझ्या गाडीचा क्लच

आमच्या गल्लीतले सुभेदारकाका गाडीचं दुखणं पायांनी ओळखायचे. माझ्या लाल गाडीत ते पहिल्यांदा बसले तेव्हा चपला बाहेर काढल्या, अनवाणी पाय टेकवले आणि गल्लीच्या टोकापर्यंत गप्प बसून राहिले. परत आल्यावर म्हणाले, "क्लच संपला. इंजिन पळतंय, गाडी न्हाई." एवढंच सांगायला पुण्याच्या एका वर्कशॉपनं गाडी पंधरा दिवस अडकवून ठेवली होती.

ती गाडी म्हणजे माझं खूळ. दोनच सीटा, आणि इंजिन पुढे नाही, डिकीतही नाही, तर बसणाऱ्याच्या पाठीमागे. सांगलीजवळच्या आमच्या माधवनगरातल्या बायका विचारायच्या, "ताई, भाजीची पिशवी कुठं ठेवता ओ?" माझी कॉलेजातली नोकरी ऐकून त्यांना कौतुक वाटे आणि गाडी पाहून कीव येई. वर्कशॉपवाले म्हणाले, आणखी दोन महिने लागतील. काका म्हणाले, "कशाला? माज्या शेडात उघडू. पन मी हात लावनार न्हाई. हात तुजं, नजर माजी."

त्यांचा उजवा हात थरथरायचा. मूळचे कवठे महांकाळचे, सारी नोकरी सैन्यातले ट्रक दुरुस्त करण्यात गेलेली. काकू गेल्यापासून एकटे होते. पुण्याहून मुलगा रोज फोन करी, "बाबा, तुम्ही विसरायला लागलात, आता इकडं या." काकांनी त्याला माझ्यासमोरच सांगून टाकलं, "एवढी गाडी उभी करतो. जमलं तर हितंच ऱ्हातो, न्हाई जमलं तर तुज्याकडं येतो." म्हणजे काकांचं राहतं घर माझ्या क्लचवर येऊन ठेपलं, आणि पाना धरायचा होता मी, जिनं तोवर बरणीचं झाकणसुद्धा दुसऱ्याकडून उघडून घेतलं होतं.

काकांच्या शेडात शिस्त पलटणीची. निघालेला प्रत्येक बोल्ट घोंगडीवर, निघाला त्याच क्रमानं. "बोल्ट फॉलिन झालं का?" असं विचारून ते स्वतः ओळ तपासायचे. बोल्ट हलेना म्हणून मी दात-ओठ खाल्ले की म्हणायचे, "जोर नगं लावूस. आदी जरा आवळ, मग सैल कर." आणि तो मुकाट्यानं सुटायचा. तिसऱ्या रविवारी गिअरबॉक्स खाली उतरला. बाहेरदेशातून मागवलेली नवी क्लच प्लेट आली, तेव्हा काकांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली. "हिला उगड्या हातानं शिवायचं न्हाई. तेलाचं बोट लागलं तर ही पकडायची न्हाई, घसरंल."

खंडेनवमीला सकाळी मी शेडात गेले. काकांनी सगळी हत्यारं घासूनपुसून मांडली होती, झेंडूची फुलं वाहिली होती. लोखंडावर कुंकू टिकावं म्हणून आधी तेलाचं बोट लावायचं, ही त्यांची आयुष्यभराची रीत. आणि पान्यांच्या शेजारी नवी प्लेट ठेवलेली, दोन्ही अंगांनी तेल-कुंकवाची पाच-पाच बोटं उमटलेली.

माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं. कुणावर ढकललं नाही, सबब सांगितली नाही. "चूक माजी," म्हणाले आणि स्टुलावर बसून फोन काढला. "प्वार म्हनतंय ते खरं हाय. कळवतो त्याला."

मला रडू यायला हवं होतं, पण आला राग. "काका, गाडी पोटातून उघडून ठेवलीय आणि तुम्ही पुण्याला निघालात? ते काही चालायचं नाही. फोन ठेवा आणि पुढं काय करायचं ते सांगा." त्यांच्याशी अशा आवाजात मी कधी बोलले नव्हते. त्यांनी फोन खिशात ठेवला.

मग म्हणाले, "जुनी प्लेट आन." तिच्यावरून अंगठा फिरवला. "झिजलाय तो वरचा थर. मधल्या स्प्रिंगा धडधाकट हायत. ट्रकच्या प्लेटांना नवं लायनर मारत्यात, हिला काय धाड भरलीया?" सांगलीत त्या कामाचा एक कारागीर होता. काकांनी त्याच्यासमोर ठाण मांडून लायनर बसवून घेतलं, त्यातले दोन रिव्हेट पसंत पडले नाहीत म्हणून पुन्हा मारायला लावले. पुढच्या रविवारी माझ्याच हातांनी ती प्लेट बसली.

दिवाळीनंतर मुलाला गाडी दाखवायला आम्ही पुण्याला निघालो. काका अनवाणी, शेजारच्या सीटवर. साताऱ्याच्या पुढच्या घाटात, ऐन चढावर, म्हणाले, "बाजूला घे. थांब. आता उचल." मी क्लच हळूहळू सोडला. गाडी जराही न घसरता उचलली आणि मी आनंदानं ओरडले. काका नुसते चष्मा पुसत बसले.

मुलानं त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली होती, कपाटसुद्धा रिकामं केलं होतं. दारातच काकांनी त्याला कुंकवाची गोष्ट सांगितली, एक शब्दही न गाळता. मुलगा म्हणाला, "बाबा, म्हणूनच तर मी म्हणतो..."

"चुकलो. मग निस्तरलं बी. दोनी ऐकलंस न्हवं?" आणि आत वळून सुनेला म्हणाले, "च्या टाक गं बाय. दिवस मावळायच्या आत सातारा वलांडायचा हाय."

त्यानंतर काका चार वर्षं आपल्या घरात राहिले आणि गेले तेही तिथूनच. मला त्यांची फार आठवण येते.